ध्वनिमुद्रिकेचा चाहता आणि मंचावरचा बँड

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

संयोजकांनी कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'रॉक कॉन्सर्टमध्ये मूळ गाणे कोणते?' असा छापला आहे. त्याला मी लेखी संमती दिलेली असल्यामुळे त्या प्रश्नापर्यंत पोहोचण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. तेथे जाण्यापूर्वी मात्र मला एक तक्रार मांडायची आहे. ज्यांनी ती माझ्याकडून यापूर्वी ऐकलेली आहे ते शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलेले मला येथून दिसत आहेत. त्यांची दूरदृष्टी वाखाणण्यासारखी आहे.

ज्या बँडविषयी ही तक्रार आहे त्याचे नाव मी घेणार नाही. एक तर त्याच्यावरचे माझे प्रेम अद्याप शिल्लक आहे. आणि दुसरे असे की नाव उच्चारताच या सभागृहात दोन तट पडतील व उरलेला सारा वेळ त्यांचा तिसरा अल्बम श्रेष्ठ की पाचवा, या वादात जाईल. (पाचवा. पण तो विषय नाही.) या बँडची गाणी मी इतकी ऐकली आहेत की गायक दुसऱ्या कडव्यापूर्वी श्वास कोठे घेतो, हेही मला पाठ आहे. अशा माणसाने त्याच बँडच्या कॉन्सर्टला जावे की जाऊ नये, हा खरा प्रश्न आहे. पण तिकिटे विक्रीस निघाल्यावर असे प्रश्न कोणाला सुचत नाहीत.

कॉन्सर्ट सुरू झाली आणि थोड्याच वेळात त्यांनी त्यांचे ते गाणे घेतले, ज्याच्या गिटार सोलोसाठी अर्धे मैदान आले होते. गिटारवादकाने तो सोलो ध्वनिमुद्रिकेवर आहे तसा, सूर न् सूर, एकही कण इकडचा तिकडे न करता वाजवला. लोक बेभान झाले. मी मात्र खट्टू झालो, कारण हे तर माझ्याकडे घरी आहे. मग इतक्या लांबून, इतके पैसे मोजून, उभे राहून पाय दुखवून घेण्यात मी काय मिळवले, असा विचार माझ्या मनात आला. त्यानंतर त्यांनी एक संथ गाणे घेतले, जे मला विशेष प्रिय आहे. त्याची त्यांनी पट्टी उतरवली होती, लय आणखी सैल केली होती, आणि जेथे ऑर्गनचा लांबलचक सूर भरून राहतो तेथे केवळ एक साधी गिटार ठेवली होती. मी पुन्हा खट्टू झालो, कारण हे माझे गाणे नव्हते. सोबत आलेल्या मित्राने अत्यंत सौजन्याने मला विचारले की, तुला नेमके हवे तरी काय? आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. तो मित्र मात्र आज आलेला नाही.

पट्टी उतरवण्याबद्दल एक शब्द सांगितलाच पाहिजे, कारण चाहते याबाबत फार निष्ठुर असतात. पंचविशीत ध्वनिमुद्रित केलेला वरचा सूर साठीत, रोज रात्री, दोन तासांच्या कार्यक्रमाच्या शेवटी लावणे ही साधी गोष्ट नव्हे. म्हणून अनेक बँड गिटारी अर्ध्या किंवा पूर्ण सुराने खाली जुळवतात. त्यामुळे तारा सैल पडतात, आवाज किंचित जाड व काळसर होतो, आणि ज्याच्या कानात मूळ पट्टी मुरलेली आहे त्याला काहीतरी बिनसले आहे असे वाटत राहते, जरी काय बिनसले आहे ते त्याला सांगता येत नसले तरी.

दुसरी तक्रार श्रोत्यांची. ध्रुवपद आले की गायकाने मायक्रोफोन प्रेक्षकांकडे वळवायचा, ही प्रथा ज्याने काढली त्याच्याशी मला एकदा बोलायचे आहे. माझ्या शेजारच्या गृहस्थांचा उत्साह दांडगा होता आणि सूर स्वतंत्र होता. शिवाय मी उभा होतो ती जागा मंचापासून शंभरेक मीटर असावी. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे मंचाजवळच्या ध्वनिवर्धकांतून निघालेला ड्रमचा ठोका शंभर मीटरवर सेकंदाच्या जवळजवळ तीन दशांश इतका उशिरा पोहोचतो, तर मोठ्या पडद्यावर ड्रमवादकाची काठी तत्क्षणी पडलेली दिसते. मिनिटाला 120 ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधील अंतर अर्ध्या सेकंदाचे असते, तेव्हा हा उशीर अर्ध्या ठोक्याहून अधिक भरतो. यावर उपाय म्हणून मैदानाच्या मध्यावर मनोरे उभारून त्यांवरील ध्वनिवर्धकांना मुद्दाम तेवढाच विलंब देतात, जेणेकरून जवळचा व दूरचा आवाज एकत्र पोहोचावा. प्रेक्षकांच्या टाळ्यांना मात्र असा विलंब लावण्याची सोय अद्याप निघालेली नाही. मैदानाच्या एका टोकाच्या टाळ्या दुसऱ्या टोकाला शिळ्या होऊन पोहोचतात, आणि सगळेजण आपापल्या ठेक्याशी पूर्ण प्रामाणिक असतात.

ही अडचण आजची आहे असे समजू नये. 15 ऑगस्ट 1965 रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सनी सुमारे 55,600 श्रोत्यांपुढे कार्यक्रम केला. त्या दौऱ्यासाठी व्हॉक्स कंपनीने त्यांना 100 वॉटचे अॅम्प्लिफायर खास बनवून दिले होते, आणि गायनासाठी स्टेडियमचेच, म्हणजे बेसबॉलच्या सामन्यात घोषणा करण्यासाठी बसवलेले, ध्वनिवर्धक वापरले गेले. वादकांना स्वतःचे वादन ऐकू यावे म्हणून मंचावर ठेवतात ते मॉनिटर तेव्हा नव्हते. समोर किंकाळ्यांचा असा कल्लोळ होता की त्यांचा ड्रमवादक रिंगो स्टार याला गाणे कोठवर आले आहे हे पुढच्या तिघांच्या अंगाच्या हालचालींवरून ओळखावे लागे. पुढच्याच वर्षी, 29 ऑगस्ट 1966 रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅन्डलस्टिक पार्कमध्ये त्यांनी आपला शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम केला. त्याच महिन्यात त्यांचा 'रिव्हॉल्व्हर' हा अल्बम बाजारात आला होता, आणि त्यातील एकही गाणे त्यांनी त्या दौऱ्यात वाजवले नाही. फीत उलटी फिरवून काढलेला गिटारचा आवाज, तंतुवाद्यांचा ताफा, फितीचे तुकडे जोडून केलेले आवाज हे सारे चौघांनी मंचावर आणायचे कसे? स्टुडिओ आणि मंच यांची फारकत झाली ती साधारण येथे, आणि माझ्या तक्रारीचे मूळही येथेच आहे.

आता तक्रारीचा मुख्य भाग. (अध्यक्षमहोदय घड्याळाकडे पाहत आहेत, ते केवळ वेळेच्या कुतूहलापोटी असावे असे मी धरून चालतो.) त्या रात्री शेवटाकडे त्यांनी आपले सर्वांत गाजलेले गाणे घेतले. या गाण्याच्या ध्रुवपदात जो समूहस्वर आहे तो वस्तुतः एकट्या गायकाचा आहे. स्टुडिओत त्याने स्वतःचाच आवाज एकावर एक चढवून तो उभा केलेला आहे. मंचावर एक गायक आणि एक गळा असल्यामुळे उरलेले गळे आधीच मुद्रित करून, संगणकावरून सोडण्यात येतात. त्यांच्याशी मेळ राहावा म्हणून ड्रमवादकाच्या कानात क्लिक ट्रॅक वाजत असतो, आणि त्या टिकटिकीबरोबर सारा बँड बांधला जातो. या सगळ्याची कल्पना मला होती. परंतु कल्पना असणे वेगळे आणि प्रत्यक्ष दिसणे वेगळे. कोठेतरी काही चुकले आणि तो समूहस्वर चार मात्रा आधी सुटला. गायकाचे ओठ मिटलेले होते, बासरीसारखा शांत उभा होता बिचारा, आणि आकाशातून त्याचाच आवाज चौपदरी होऊन गात होता.

ड्रमवादकाने हात वर केले. संगीत थांबले, आवाज आणखी काही क्षण गात राहिले आणि मग कोणीतरी त्यांना बंद केले. गायक हसला, मागे वळून काही बोलला, आणि बँडने ते गाणे पहिल्यापासून, त्या मुद्रित आवाजांशिवाय वाजवले. ध्रुवपदात बेसवादकाने खालचा सूर धरण्याचा प्रयत्न केला, तो थोडा उतरलेला लागला. गिटारवादकाने रिकामी जागा भरण्यासाठी असे काही वाजवले जे कोणत्याही ध्वनिमुद्रिकेवर नाही. क्लिक नसल्यामुळे लय शेवटाकडे चढत गेली. माझ्याभोवतीच्या लोकांत कुजबुज झाली. काहींनी फसवणूक झाल्याची भाषा केली, आणि ती त्यांना आधी ऐकू आलेल्या आवाजांबद्दल होती की नंतर न ऐकू आलेल्या, हे मला कळले नाही. मला विचाराल तर त्या रात्री मी जे गाणे ऐकले ते हे एकच. आणि तरीही ते मला अपुरे वाटले, कारण ध्रुवपदातले ते चार गळे मला हवेच होते! घरी परतताना मी आनंदी होतो की नाराज, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

क्वीन या बँडपुढेही हीच अडचण होती. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या ऑपेराच्या भागात फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांचेच आवाज पुन्हा पुन्हा मुद्रित करून एकावर एक चढवलेले आहेत. मंचावर त्यांनी सोंग केले नाही; त्या भागापुरते सारेजण मंच सोडून आत जात, ध्वनिफीत वाजवली जाई, आणि पुढचा जोरकस भाग सुरू होताच ते परत येत. मला हा प्रामाणिकपणा मोठा वाटतो. काहींना मात्र यात वादकांना मिळणारी चहाची सुटी दिसते.

चाहत्यांच्या नाराजीचा इतिहास सांगायचा तर 17 मे 1966 ची मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधील रात्र वगळता येणार नाही. साध्या गिटारवर लोकगीतांच्या धर्तीची गाणी गाणारा म्हणून चाहत्यांना प्रिय असलेल्या बॉब डिलनने उत्तरार्धात इलेक्ट्रिक गिटार घेऊन, बँडसह वाजवले, म्हणून श्रोत्यांतून कोणीतरी 'जुडास', म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य, असे ओरडले. गंमत पुढे आहे. त्या कार्यक्रमाचे चोरटे ध्वनिमुद्रण वर्षानुवर्षे फिरत राहिले, तेही लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचे म्हणून, आणि 1998 मध्ये ते अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. त्यात ती आरोळी आहे. आज त्या ध्वनिमुद्रिकेचा चाहता त्या आरोळीची वाट पाहत बसतो. ती काढून टाकली तर तो तक्रार करील. एका चाहत्याने केलेली तक्रार दुसऱ्या चाहत्यासाठी मूळ गाण्याचा भाग झालेली आहे.

माझ्यासमोर चिठ्ठी आलेली आहे. तीत आकडा लिहिलेला आहे आणि त्याखाली दोन रेघा ओढलेल्या आहेत. तेव्हा जाहीर केलेला विषय आता मांडतो.

माझे म्हणणे असे की, चाहता ज्याला मूळ गाणे समजतो ते बहुधा बँडने त्या गाण्याशी केलेल्या ओळखीचा पहिला आठवडा असतो. गाणे लिहिले, स्टुडिओत घडवले, मुद्रित केले. त्यानंतर ते शेकडो वेळा वाजवले जाते आणि वादकांच्या हातात बदलत जाते. आपण मात्र तो पहिला आठवडाच पुन्हा पुन्हा ऐकत असतो. गाणे एकच असले तरी वादकांकडच्या गाण्याचे वय वाढलेले असते आणि आपल्याकडच्याचे वाढलेले नसते. याच्या उलट उदाहरणही आहे: पिंक फ्लॉइड या बँडने 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम मार्च 1973 मध्ये प्रसिद्ध करण्यापूर्वी त्याआधीच्या वर्षभर मंचावर वाजवला होता. तेथे मंच आधी आणि ध्वनिमुद्रिका नंतर. मग मूळ कोणते?

ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. त्यांचा कार्यक्रम रोज रात्री वेगळा असे, आणि 1984 पासून त्यांनी श्रोत्यांतील ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी स्वतंत्र जागाच राखून ठेवली. त्यांच्या चाहत्याला मूळ प्रत नकोच होती. त्याला कालच्या रात्रीशी आजची ताडून पाहायची होती. एकच ठरलेले रूप मनात नसल्यामुळे त्याची निराशाही वेगळ्या जातीची होती: काल छान रंगले होते, आज नाही, एवढीच. हे सर्वांना जमणारे नाही, कारण त्यासाठी श्रोत्यालाही पुष्कळ रात्री खर्चाव्या लागतात, आणि बहुतेकांच्या वाट्याला त्यांच्या लाडक्या बँडची एखादीच रात्र येते. त्या एका रात्रीत आपण ओळखीचेही मागतो आणि अपूर्वही मागतो, म्हणून सोलो जसाच्या तसा आला तरी रुसतो आणि बदलला तरी रुसतो.

माझ्या मित्राला द्यायचे उत्तर त्यामुळे असे आहे: गाणे बदलावे की बदलू नये याच्याशी मला फारसे कर्तव्य नाही, समोर वाजणारे गाणे चुकू शकते, एवढे मला कळले पाहिजे. सूर न् सूर वाजवलेला सोलोही मला चालेल, जर तो सुटू शकला असता तर. टिकटिकीला बांधलेल्या कार्यक्रमात ती शक्यता फार अरुंद होते आणि स्टेडियम जितके मोठे तितकी टिकटिक अपरिहार्य होते, कारण दिवे, पडदे, आतषबाजी हे सारे तिच्याशीच जोडलेले असते. यावर लहान सभागृहांचा उपाय मला सुचतो. पण मग तिकिटे कोणाला मिळणार, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

एन्कोरविषयी, म्हणजे मंचावर चिकटवलेल्या गाण्यांच्या यादीत आधीच छापलेल्या आणि आपण तरीही घसा फोडून मागणाऱ्या त्या शेवटच्या तीन गाण्यांविषयी, मला बरेच बोलायचे होते. परंतु अध्यक्षमहोदय उभे राहिले आहेत, तेव्हा तो मुद्दा कोणीतरी प्रश्न विचारून काढावा अशी विनंती करतो. पाचव्या अल्बमविषयीचे प्रश्नही मी घेईन.