कासचं फूल भिंतीवर: फोटो छापण्याआधीचं पिक्सेलचं गणित

[दृश्य: कास पठार. ढगाळ उजेड. कॅमेरा जमिनीलगत, फुलांच्या उंचीवर.]

सप्टेंबरात साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या या पठारावर जांभ्याचा कातळ फुलांखाली झाकून जातो. सीतेची आसवं, सोनकी, तेरडा, गेंद. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना युनेस्कोनं २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कास आहे. इथून परतणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये फोटो भरलेले असतात. त्यातला एखादा साताऱ्यात आल्यावर लॅबमध्ये जातो, मोठा छापून येतो, आणि मग तक्रार सुरू होते: फोनवर इतका स्वच्छ दिसणारा फोटो कागदावर ठिपकेठिपके होऊन फाटला कसा?

[दृश्य: फोनच्या पडद्यावर तोच फोटो.]

फोनचा पडदा छपाईच्या बाबतीत फार फसवा. बहुतेक पडदे १०८० पिक्सेलच्या, म्हणजे चित्र ज्यांनी बनतं त्या बारीक ठिपक्यांच्या, आसपास रुंद असतात. उभा फोटो त्यावर पूर्ण दिसतो तेव्हा आपण १०८० गुणिले १४४०, म्हणजे सुमारे साडेपंधरा लाख पिक्सेल पाहत असतो. मूळ फोटो १२ मेगापिक्सेलचा (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल) असो की दीड मेगापिक्सेलचा, पडद्यावर दोन्ही सारखेच देखणे दिसतात. फरक दिसतो तो कागदावर.

म्हणून छपाईला जाण्याआधी फोटोची माहिती उघडा. गॅलरीत फोटो वर सरकवला किंवा तीन टिंबांवर बोट ठेवलं की तपशील दिसतो. तिथे दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ४०३२ गुणिले ३०२४. हेच तुमचं भांडवल. इंच, डीपीआय (इंचाला किती ठिपके), फाइल किती एमबीची हे सगळं त्यानंतर.

[दृश्य: कागदावर पेन्सिलनं भागाकार.]

४०३२ ला ३०० नं भागलं की १३.४४ येतात. ३०२४ ला भागलं की १०.०८. म्हणजे हा फोटो इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबानं साधारण १३ बाय १० इंच छापता येतो. ४ बाय ६ च्या प्रिंटला १२०० गुणिले १८०० पिक्सेल पुरतात, ८ बाय १२ ला २४०० गुणिले ३६००. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, त्याला ४१३ गुणिले ५३१ पुष्कळ झाले.

हा ३०० चा आकडा आपल्या डोळ्यातून आलेला आहे. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा ओळखू शकतो. फोटो हातात, फूटभर अंतरावर धरला तर हा हिशेब इंचाला २८६ पिक्सेल इतका येतो. छपाईच्या धंद्यात तोच ३०० धरतात. अंतर वाढलं की गरज उतरते. सूत्र सोपं आहे: पाहणाऱ्याचं अंतर इंचांत घ्या आणि ३४३८ ला त्यानं भागा. तीन फुटांवरून ९५ पिक्सेल पुरतात, पाच फुटांवरून ५७.

[दृश्य: साताऱ्याचा पोवई नाका. वाहनांची गर्दी, वर मोठा फ्लेक्स.]

वीस फुटांवरून पाहायचा असेल तर इंचाला १४ पिक्सेल. म्हणजे वीस फूट रुंद फ्लेक्सला रुंदीत साडेतीन हजारांच्या आसपास पिक्सेल लागतात, आणि ते साध्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत आहेत. हे पुष्कळांना पटत नाही, पण ३०० चा हट्ट धरून वीस फुटी फाइल बनवली तर ती फक्त फ्लेक्सवाल्याचा संगणक अडवून ठेवते. काळजी घ्यायची ती अक्षरांची. नाव, तारीख, पत्ता फोटोत मिसळून जेपेग (फोटोच्या फाइलचा नेहमीचा प्रकार) करू नका. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं वेगळी राहू द्या, म्हणजे त्यांच्या कडा कितीही मोठ्या केल्या तरी धारदार राहतात.

घरातल्या फ्रेमचं मात्र वेगळं. सूत्र पाच फुटांवरून ५७ म्हणतं, पण आलेला पाहुणा सोफ्यावर बसून राहत नाही. तो उठतो, फ्रेमपाशी जातो, बोट दाखवतो. त्यामुळे २० बाय ३० इंचाच्या फ्रेमसाठी इंचाला १५० च्या खाली जाऊ नये, २०० मिळाले तर उत्तम. २०० म्हणजे ४००० गुणिले ६०००, अर्थात २४ मेगापिक्सेल. फोनचा ४०३२ चा फोटो या मापाला कापून लावला तर इंचाला १३४ च पडतात. ठोसेघर धबधब्याच्या धुक्याचं दृश्य असेल तर १३४ चालून जातात, कारण धुक्यात बारीक कडाच नसतात. फुलांचा गालिचा असेल तर नाही. हजारो पाकळ्यांच्या कडा एकदम मऊ पडतात आणि सगळं चित्र ओलं झाल्यासारखं दिसतं.

[दृश्य: संगणकावर फोटोशॉपची खिडकी.]

आता सर्वांत जास्त गोंधळ होतो ती जागा. फाइलमध्ये रिझोल्यूशन, म्हणजे इंचाला पिक्सेल, ७२ लिहिलेलं दिसलं की लोक घाबरतात आणि तिथे ३०० टाइप करतात. हा ७२ फक्त एक शिक्का आहे, फोटोत किती पिक्सेल आहेत याच्याशी त्याचा संबंध नाही. ४०३२ चा फोटो ७२ च्या शिक्क्यासकट उघडला तर फोटोशॉप माप दाखवतो ५६ बाय ४२ इंच. इमेज मेनूत इमेज साइझ उघडा आणि रिसॅम्पलची खूण आधी काढा. मग रिझोल्यूशनमध्ये ३०० लिहा. माप १३.४४ बाय १०.०८ इंच होईल, पिक्सेल जागचे हलणार नाहीत.

रिसॅम्पलची खूण तशीच ठेवून ३०० लिहिलं तर सॉफ्टवेअर ५६ इंचांचं माप कायम ठेवतं आणि मधली जागा स्वतःच्या अंदाजानं भरतं. फोटो १६,८०० गुणिले १२,६०० होतो, २१ कोटींहून अधिक पिक्सेल. नवा बारकावा एकही येत नाही. गिंप हे फोटोशॉपसारखं मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी हेच दोन मार्ग वेगवेगळ्या नावांनी आहेत: प्रिंट साइझ फक्त शिक्का बदलतं, स्केल इमेज पिक्सेल बदलतं.

पिक्सेल वाढवणं मुळात वाईट नाही. १३४ वरून २०० वर, म्हणजे दीडपट, न्यायचं असेल तर रिसॅम्पलमध्ये प्रिझर्व्ह डिटेल्स २.० निवडा आणि ते एकदाच करा. टप्प्याटप्प्यानं वाढवत नेऊ नका. एआयनं मोठा केलेला फोटो वापरणार असाल तर पूर्ण आकारात उघडून पाहा. पाकळ्या मेणासारख्या गुळगुळीत होतात. माणसं असतील तर डोळे आणि दात नीट तपासा, चेहरा बदललेला असू शकतो.

[दृश्य: फोनवर दोन बोटांनी झूम.]

आकडे खोटं बोलतात अशीही एक जागा आहे: झूम. फोनला दूरचं दाखवणारी वेगळी लेन्स नसेल आणि तुम्ही चौपट झूम केलं, तर सेन्सरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पट्टीचा, फक्त सोळावा भाग वापरला जातो. १२ मेगापिक्सेलमधले खरे उरतात पाऊण. फोन ते फुगवून पुन्हा १२ करून देतो, आणि तपशिलात ४०३२ असंच दिसतं. कासवर वाटेवर उभं राहून दूरचं इवलंसं फूल टिपताना नेमकं हेच घडतं. असा फोटो ४ बाय ६ च्या पुढे नेऊ नये. त्यापेक्षा वाटेच्या कडेला असलेल्या फुलासमोर, पाय वाटेवरच ठेवून, गुडघ्यावर बसा आणि झूम न करता घ्या. तसंच ५० मेगापिक्सेलच्या फोनचं. तो नेहमीच्या वापरात चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. पूर्ण ५० चा पर्याय भर उजेडात उपयोगी. पावसाळी संध्याकाळी त्यातून फाइल वाढते, बारकावा फारसा वाढत नाही.

[दृश्य: लॅबच्या काउंटरवर फोन पुढे होतो.]

आणि इतकं सांभाळून काढलेला फोटो शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर मारला जातो. नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलपर्यंत खाली येतो. १६०० ला ३०० नं भागा: सव्वापाच इंच. १२ बाय १६ छापायला दिला तर इंचाला १०० च उरतात, वर फाइल लहान करताना जेपेगनं माहिती दाबल्यामुळे आकाशात चौकोनी डाग. लॅबवाल्याला दोष देण्याआधी आपण पाठवलं काय ते बघायला हवं. जोडणीच्या चिन्हावर जाऊन फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा पेनड्राइव्ह न्या, किंवा गूगल ड्राइव्हची लिंक द्या. आयफोन असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्समधून मोस्ट कम्पॅटिबल निवडून ठेवा. नाहीतर फोटो हाइक (HEIC) या फाइलच्या प्रकारात साठतात आणि काही ठिकाणी ती फाइल उघडतच नाही.

मापाचा आकारही जुळायला हवा. फोनचा फोटो ४:३, तर ४ बाय ६ चा कागद ३:२. ४०३२ गुणिले ३०२४ मधून लहान बाजूचे ३३६ पिक्सेल जाणार, म्हणजे नववा भाग. कुटुंबाच्या फोटोत तेवढ्यात मागच्या रांगेतल्यांच्या डोक्याचा वरचा भाग जातो. तेव्हा कापायचं कुठे ते स्वतः ठरवून द्या, किंवा पांढरी किनार ठेवून पूर्ण फोटो छापा असं सांगा.

[दृश्य: जुना कृष्णधवल फोटो स्कॅनरच्या काचेवर.]

जुन्या फोटोंसाठी हिशेब उलटा चालतो. किती पट मोठा करायचा ते ठरवा आणि ३०० ला तितक्यांनी गुणा. ३ बाय ४ चा फोटो १२ बाय १६ करायचा, म्हणजे चौपट: इंचाला १२०० वर स्कॅन. एवढं मात्र खरं की जुन्या कागदी प्रिंटमध्ये ६०० च्या पुढे सहसा काही शिल्लक नसतं. पुढचे पिक्सेल कागदाचा पोत आणि धूळच नोंदवतात. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह हाताशी असेल तर प्रिंट बाजूला ठेवा आणि निगेटिव्हच ४००० वर स्कॅन करा. सुमारे ५६७० गुणिले ३७८० पिक्सेल मिळतात. काचेच्या फ्रेमवरून फोननं फोटो काढून तो मोठा करायला देऊ नका. चमक येते आणि कडा तिरक्या होतात.

रंगांबाबत थोडक्यात: लॅबला एसआरजीबी द्या, म्हणजे पडदे आणि साधी यंत्रं वापरतात ती रंगांची नेहमीची पद्धत. अ‍ॅडोबी आरजीबी या जास्त रंगांच्या पद्धतीतली फाइल साध्या यंत्रावर गेली की सोनकीचा पिवळा फिका पडतो. पत्रिका किंवा माहितीपत्रक ऑफसेटवर, म्हणजे छापखान्याच्या मोठ्या यंत्रावर, जाणार असेल तर फोटो ३०० वर आणि चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त ठेवा, कटिंगमध्ये तेवढं जातं.

[दृश्य: मोठ्या प्रिंटशेजारी ४ बाय ६ चा तुकडा.]

मोठ्या प्रिंटवर पैसे घालण्याआधी एक चाचणी करता येते, आणि ती प्रत्येकानं करावी असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. २० बाय ३० ची फाइल इंचाला २०० वर तयार झाली की तिच्यातला सर्वांत नाजूक भाग, एखादं फूल किंवा चेहरा, ८०० गुणिले १२०० पिक्सेलचा कापून वेगळा ठेवा. हा तुकडा ४ बाय ६ वर छापून घ्या. मोठ्या प्रिंटमध्ये तो भाग हुबेहूब एवढाच दिसणार असतो. तुकडा घरी न्या, फ्रेम जिथे लागणार त्या भिंतीवर चिकटवा, दिवसाच्या उजेडात आधी हातभर अंतरावरून आणि मग सोफ्यावरून पाहा. गडद वाटला तर दोष बहुधा पडद्याच्या भडक प्रकाशाचा. पडद्याची ब्राइटनेस निम्म्यावर आणून फोटो पुन्हा जुळवा आणि नवा तुकडा काढा. लॅबला दोन्ही वेळा ऑटो करेक्शन, म्हणजे यंत्रानं आपोआप रंग-उजेड बदलणं, बंद ठेवायला सांगा. ते चालू राहिलं तर यंत्र कासचं धुकं ढवळून राखाडी करतं आणि जांभ्याचा काळा कातळ उजळून टाकतं, मग चाचणीचा तुकडा आणि मोठा प्रिंट एकमेकांशी जुळत नाहीत.