मसणातले दिवे आणि बारा पदार्थांचा उपास

श्रोतेहो, नमस्कार.

पोलंडमधलं विद्यापीठाचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. म्हणजे इकडे पोळा झालेला, महालक्ष्म्या जेवून गेलेल्या, घट बसायच्या बेतात, आणि पोरगी विमानात. मी विदर्भातल्या दिग्रसकडची. घरी कपाशी-तुरीचं वावर. कृषी विषयात एम.एस्सी. करायला पोलंडच्या पूर्व भागातल्या लुब्लिन शहरात गेले होते. अभ्यास, फी, व्हिसा यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. तिथला सण आला की आपण काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. आणि खरी पंचाईत त्याच दिवशी होते. दुकानांना कुलूप, वसतिगृह रिकामं, बसगाड्या तुरळक. २०२५ पासून तर २४ डिसेंबरलाही तिकडे सरकारी सुट्टी असते. दूध-ब्रेड आधी आणून ठेवलं नसेल तर आपोआप एकादशी घडते.

२०२४ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आलं. पोलंडमध्ये त्याच तारखेला सर्व संतांचा दिवस असतो. त्या दिवशी माणसं आपापल्या माणसांच्या कबरीवर जातात. आधीच्या आठवड्यात कबरी घासूनपुसून झालेल्या असतात, वर शेवंतीच्या कुंड्या मांडलेल्या असतात. लिपोवा रस्त्यावर जुनी स्मशानभूमी आहे, तिथं संध्याकाळी मैत्रिणीबरोबर गेले. झाकणवाल्या काचेच्या दिव्यात मेणबत्ती लावतात, त्याला झ्निच म्हणतात. असे दिवे एकेका कबरीवर पाच-पाच, दहा-दहा. कडाक्याची थंडी होती, पण दोन रांगांमधून चालताना तोंडाला ऊब लागत होती. लेकरं बापाच्या खांद्यावर, म्हाताऱ्या बाया घडीच्या स्टुलावर. ज्या कबरीला कुणी उरलं नाही, तिच्यावरही येणारा-जाणारा एखादा दिवा ठेवतो. मीही ठेवला.

रात्री घरी फोन केला. आई म्हणाली, "लक्षुमीपूजनाच्या दिवशी मसनात गेली वं तू?" मागून आजीचा आवाज आला, "जाऊ दे वं, पितरायचं केलं तिनं." आजीनं विषय संपवला.

यातली एक गोष्ट कामाची आहे. शेवंती तिकडे कबरीचं फूल आहे. कुणाच्या घरी जेवायला जाताना ती नेऊ नका. दुसरी फुलं न्याल ती तीन, पाच, सात अशी विषम मोजून न्या. सम संख्येची फुलं मयताला नेतात.

आता नाताळचं. रूममेटनं तिच्या आजीच्या गावी बोलावलं होतं, लुब्लिनपासून बसनं तासाभरावर. आजीला तिकडे बाब्चा म्हणतात. तिथला मोठा सण २५ तारखेचा नव्हे, २४ च्या संध्याकाळचा, विगिलिया. मी आदल्या दिवशीच जाऊन पोचले. माझं ठाम मत आहे की सणाला पाहुणं म्हणून ताटावर जाऊन बसू नये, एक दिवस आधी जाऊन कामाला लागावं. भाषा येत नसली तरी कांदा चिरता येतो. बाब्चानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि खसखस वाटायला बसवलं.

त्यांची खसखस निळसर काळी. आपण चिमटीनं घेतो, तिथं ती किलोच्या हिशेबानं. आधी गरम पाण्यात फुगवलेली. माकुत्रा नावाचं मातीचं खोलगट भांडं असतं, आतून सगळ्या खरखरीत रेघा. ते मांडीत धरायचं आणि लाकडी दांड्यानं गोल-गोल घोटायचं. मी घोटून दाखवलं की बाब्चा बोटानं चाखायची आणि म्हणायची, "येश्चे." अजून. पुन्हा घोटायचं, पुन्हा "येश्चे". शेवटी कडेनं पांढरं दूध सुटायला लागलं तेव्हा कुठे ती हसली. मग त्यात शिजवलेला गहू, मध आणि अक्रोड घातले. पूर्व पोलंडमध्ये विगिलियाला ही गव्हाची खीर लागतेच.

ताटात पदार्थ बारा, येशूच्या बारा शिष्यांचे. मांस अजिबात नाही, कारण तो उपासाचा दिवस. पण मासा चालतो! कार्प मासा तर हवाच, त्याचं एक खवलं वर्षभर पाकिटात ठेवतात, पैसा टिकतो म्हणे. हे मी काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मासोया खाऊन उपास असन, तं मीबी धरतो!"

मी शाकाहारी, घर माळकरी. त्यामुळे पोरापोरींना स्पष्ट सांगते, आमंत्रण आलं की त्याच दिवशी सांगून टाका आणि मासासुद्धा नाही हे वेगळं सांगा, कारण तिकडे पुष्कळांच्या लेखी शाकाहारी माणूस मासा खातो. एरवी पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, आत बटाटा-पनीर असलं तरी वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे पेरलेले असू शकतात. विगिलियाला ती भीती नसते. कोबी आणि रानातल्या अळंब्यांच्या पिएरोगी मी पोटभर खाल्ल्या, बिटाचं आंबट लाल सार वाटीभर प्यायले.

लुब्लिनकडे डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच सूर्य मावळतो. पहिली चांदणी दिसल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही. टेबलावरच्या पांढऱ्या चादरीखाली वाळलेलं गवत पसरतात, कारण येशू गोठ्यात जन्मला. एक ताट जास्तीचं मांडतात, अचानक आलेल्या पाहुण्यासाठी. मला वाटलं ते माझं. पण माझं वेगळं मांडलेलं होतं, ते रिकामं तसंच राहिलं. मग ओप्वातेक, पोळीपेक्षाही पातळ कागदासारखी पांढरी पापडी. प्रत्येकानं प्रत्येकाच्या हातातला तुकडा मोडून खायचा आणि शुभेच्छा द्यायच्या. माझ्या वाट्याला आलेल्या शुभेच्छांत "चांगला नवरा मिळो" होतंच. म्हाताऱ्या बाया कुठल्याही देशातल्या असोत!

जेवताना त्यांचे एक नातेवाईक म्हणाले, नागपूर ठाऊक नाही, कोल्हापूर ठाऊक आहे. खरंच आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियातून सुटलेले सुमारे ५,००० पोलिश लोक, त्यात बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. विदर्भाचं नाव घ्यायला त्यांना कारणच नव्हतं, ते मी दिलं.

"सगळे सण शेवटी सारखेच" असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. सारखेपणा शोधत बसलं की समोरचं दिसत नाही. पण एवढं बोलूनही एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओप्वातेक पांढरी असते तशी रंगीतही असते, ती ढोरांसाठी. जेवणानंतर पूर्वी लोक ती घेऊन गोठ्यात जायचे. त्या मध्यरात्री ढोरं माणसासारखी बोलतात, पण चोरून ऐकणाऱ्याचं भलं होत नाही, असं सांगतात. बाब्चाकडे आता गाय नव्हती, तिनं कुत्र्याला तुकडा दिला. मी त्यांना पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदशेकणी सांगितली. बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतो आणि म्हणतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." मैत्रिणीनं भाषांतर केलं. बाब्चानं एकच विचारलं, "मग ते येतात का?" मी म्हटलं, "अंगणात येतात, पुरणपोळी खातात." तिला ते फारच रास्त वाटलं.

फेब्रुवारीत गंमतच झाली. २६ ला महाशिवरात्र, मी खोलीत साबुदाण्याची उसळ करून उपास धरला. दुसऱ्या दिवशी त्यांचा तेलकट गुरुवार, ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या व्रताआधीचा चापून खायचा दिवस. पोंच्की, म्हणजे गुलाबाचा मुरांबा भरलेले तळलेले गोड गोळे, घ्यायला बेकऱ्यांपुढे सकाळपासून रांगा. ते पूर्वापार चरबीत तळतात, तेव्हा माळकऱ्यांनी तेलात तळलेले कुठे मिळतात ते आधी विचारावं.

जाणाऱ्यांनी सामानाचंही ऐकून ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तूप, पेढे, खव्याचं काही बांधू नका, विमानतळावर जप्त होईल. जवसाची चटणी न्या, मूगवड्या न्या. मी सरगुंडे नेले होते, शेवयांसारखे, आईनं उन्हाळ्यात काड्यांवर वळलेले. २० एप्रिल २०२५ ला ईस्टर होता. पुन्हा बाब्चाकडे गेले तेव्हा बरोबर घेतले. दुधात उकळून, साखर घालून खायचे, असं मैत्रिणीकरवी समजावून सांगितलं. बाब्चानं मान डोलावली. मग राय नावाच्या धान्याच्या आंबवलेल्या पिठाचं आंबट सार, झुरेक, चुलीवर उकळत होतं, त्यात सगळे सरगुंडे ओतले, वरून उकडलेलं अंडं फोडलं आणि वाढलं. सगळ्यांनी दोन-दोनदा मागून खाल्लं.

आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आंबट रश्श्यात? बरं. औंदा दोन पायल्यायचे वळतो, तिले धाडून दे."

नमस्कार.