खोल, नितळ पाण्यातला बास

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना उजाडला की अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या आपल्या मराठी मंडळींकडून एकच विचारणा सुरू होते. टेबल रॉक तलावावर निघालोय, बास मासा पकडायचाय, कुठल्या रंगाचं ल्युअर, म्हणजे नकली आमिष, घेऊ? आज त्याचंच उत्तर द्यायला बसले आहे. आणि उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणाला गॅस बंद करायला उठावं लागलं तरी ते चुकायला नको. आधी खोली, मग आकार, मग चाल. रंग सगळ्यात शेवटी. पुन्हा सांगते: खोली, आकार, चाल, आणि मग रंग.

हा क्रम खोल आणि नितळ पाण्याचा आहे. गढूळ पाण्यात तो चालत नाही. आपल्या रायगडच्या खाडीतला जिताडा आठवा. त्यालाही इंग्रजीत सी-बास म्हणतात, पण इथल्या बासचा तो नातेवाईक नाही. इथला बास सनफिशच्या कुळातला. जिताडा खाडीच्या गढुळात भक्ष्याची हालचाल अंगाने टिपतो. टेबल रॉकचा बास मात्र डोळ्यांनी बघतो, लांबून बघतो आणि निवांत बघतो. म्हणून इथे खडखडाट करणारं, झगमगणारं आमिष फार वेळा उलटतं.

तलावाची ओळख दोन वाक्यांत करून देते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. व्हाइट नदीवर 1954 ते 1958 या काळात हे 252 फूट उंचीचं धरण बांधलं गेलं, ओझार्क या डोंगराळ भागातल्या चुनखडीच्या दऱ्या भरल्या, आणि सीडरची झाडं जागच्या जागी उभीच बुडाली. त्यांचे सांगाडे आजही खाली उभे आहेत. उन्हाळ्यात या पाण्याचे थर पडतात: वर ऊबदार, खाली गार. किती गार? तर धरणाच्या खोलातून पुढच्या टेनीकोमो तलावात जे पाणी सोडतात, त्यापायी तिथले ऊबदार पाण्याचे मासे मागे पडले आणि आता तिथे गार पाण्यातले ट्राउट मासे सोडतात. ट्राउटची पिल्लं वाढवणारी सरकारी हॅचरी धरणाच्या पायथ्याशीच आहे. वरच्या तलावात बास, खालच्यात ट्राउट, आणि पाणी तेच. हा थर लक्षात ठेवा, गोष्टीत येणार आहे.

आता गोष्ट. माझ्या ओळखीच्यांनी ती ऐकलेली आहे, पण रेडिओवर पहिल्यांदाच सांगते.

आमचे हे आणि आमच्या शेजारचे एक निवृत्त फिशिंग गाइड, मी त्यांना आजोबाच म्हणते, या दोघांचा लाल रंगावरून वाद चालला होता. ह्यांचं म्हणणं, ओझार्कचे क्रॉफिश, म्हणजे नांगीवाले झिंगे, लालसर तपकिरी, बास क्रॉफिश खातो, तेव्हा लाल क्रँकबेटच, म्हणजे ओढलं की डुबकी मारत वळवळणारं टणक आमिष, लावायचं. मार्चमध्ये, उथळ खडकाळ काठावर हे अगदी खरं आहे, तिथे लाल क्रँकबेटने उत्तम मासे लागतात. पण दिवस होते जूनअखेरचे, मासे खोल गेलेले. आजोबा काही बोलत नव्हते, नुसती मान हलवत होते. माझी भाची आणि जावई त्या वेळी आमच्याकडे राहायला आलेले. दोघंही पाणबुडे, म्हणजे स्कूबावाले, आणि टेबल रॉक स्कूबासाठी या भागात प्रसिद्धच आहे. भाची म्हणाली, "मावशी, वाद कशाला घालताय? आम्ही खाली जाऊन बघून येतो की!"

मग तयारी सुरू झाली. माझ्या स्वयंपाकघरातला पांढरा प्लास्टिकचा भाजी चिरायचा पाट घेतला. त्याच्या कडेला भोकं पाडून दोऱ्याने ल्युअर टांगले: लाल क्रँकबेट, पोपटी-पिवळं झगझगीत शार्ट्रूज, माशाच्या आकाराचं पांढरं स्विमबेट, वजनदार डोक्याचा मळकट हिरवा जिग, ज्याच्या रंगाला दुकानात ग्रीन पंपकिन म्हणतात, धातूचा चंदेरी स्पून, आणि सगळ्यात टोकाला धुरकट रंगाचा, बोटाएवढा मऊ रबरी किडा. सगळे गळ पक्कडीने तोडून टाकले. बोटीवर पाणबुड्यांचा झेंडा लावला. दर 10 फुटांवर गाठ मारलेला दोर खाली सोडला. जावई पाट धरणार, भाची पाटीवर पेन्सिलीने लिहिणार. कॅमेरा मुद्दाम नेला नाही, कारण कॅमेरा आपल्या मनानेच रंग दुरुस्त करत बसतो. आजोबाही बोटीवर आले, टोपी गुडघ्यावर ठेवून पाण्याकडे बघत बसले.

खाली काय झालं ते पाटीवरून सांगते. 10 फुटांवर सगळं ठीक. लाल लालच होता, जरा मंद. 20 फुटांवर लाल विटकरी, मग तपकिरी. 30 फुटांच्या आसपास तो गार थर लागला. भाची म्हणते, फ्रिजचं दार उघडून आत शिरल्यासारखं झालं. तिथे लाल क्रँकबेट जवळजवळ काळं दिसत होतं. हे होतं कारण पाणी तांबडा प्रकाश सगळ्यात आधी गिळतं. वरून तांबडा प्रकाश खाली पोचलाच नाही तर लाल वस्तूने परतवायचं काय? शार्ट्रूज मात्र तिथेही पेटल्यासारखं दिसत होतं, कारण तो फ्लुरोसंट रंग, दुसरा प्रकाश शोषून आपला रंग स्वतः टाकतो. पांढरं हिरवट झालं होतं. मळकट हिरवा जिग साधा, गडद, मातीचाच एक तुकडा वाटत होता. आणि तो धुरकट किडा? तो म्हणे एका बाजूने दिसायचा, दुसऱ्या बाजूने पाण्यात विरून जायचा.

इथपर्यंत विज्ञानाचा तास झाला. खरी गंमत पुढे आहे.

थराच्या वरच्या अंगाला, बुडालेल्या सीडरच्या शेंड्यांपाशी दोघं स्थिर थांबले. तेवढ्यात स्पॉटेड बासचा एक लहानसा घोळका आला. या मासळीला इथले लोक केंटकी म्हणतात. पाणबुड्यांजवळ येण्याची त्यांना हौसच असते. पाटापासून हातभर अंतरावर येऊन ते थांबले. शार्ट्रूजकडे वळले, बघितलं, मागे सरले. क्रँकबेट दोऱ्यावर गिरकी घेत होतं, त्याच्याकडे एकाने धाव घेतली आणि अगदी तोंडाशी येऊन फिरला. स्पूनकडे कुणी गेलंच नाही. जावई श्वास घेई तसा पाट किंचित हले, आणि पाट हलला की टोकाचा तो किडा जागच्या जागी थरथरे. पुढे जात नव्हता, खाली पडत नव्हता, नुसता थरथरत होता. एक बास शांतपणे त्याच्यासमोर आला, तोंड उघडलं आणि किडा आत ओढला. आणि भाचीने पेन्सिल उचलेपर्यंत त्याने तो बाहेर टाकलाही!

वर आल्यावर मास्क काढायच्या आधी, तोंडातली नळी बाजूला करून तिने ओरडून सांगितलेलं पहिलं वाक्य असं: "मावशी, तो थुंकला गं! घेतला आणि थुंकला!"

बोटीवर आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. ह्यांनी विचारलं, लाल कसा दिसला? मी विचारलं, केवढा मासा होता? आजोबांनी टोपी डोक्यावर घातली आणि एकच प्रश्न विचारला: "किती फुटांवर?"

जन्म या तलावावर घालवलेला माणूस रंग विचारत नाही, मासा केवढा ते विचारत नाही, किती फुटांवर ते विचारतो. मला या सगळ्या प्रकारात ते सगळ्यात मोलाचं वाटतं. भाचीने दोराची गाठ दाखवली. आजोबांनी बोट थोडी सरकवली, त्या गाठीएवढी लाइन सोडली, टोकाला तसाच धुरकट किडा. आणि संध्याकाळी आमच्या तव्यावर केंटकी होता.

इथे थोडं विषयाबाहेर जाते. तो मासा मी काट्यासकट तळला, तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवून, वरून कोकमाचं आगळ. आपल्या इथल्या मुलांना काट्याचा मासा खाता आलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. नुसती बिनकाट्याची फिले खाऊन मोठी झालेली मुलं आजोळी गेली की ताटासमोर अवघडून बसतात. पाच-सहा वर्षांच्या पोराला शेजारी बसवा, काटा कसा सोडवायचा ते दाखवा. असो. तळ्यावर परत येऊ.

तर खोली. उन्हाळ्यात बोटीवरचा मासे शोधणारा साधा फिश फाइंडरही थर दाखवतो, स्क्रीनवर धुरकट पट्टा येतो. मासे बहुधा त्या पट्ट्याच्या आसपास किंवा वर, कारण उन्हाळा सरत जाईल तसा खालच्या पाण्यातला प्राणवायू कमी होतो. 25 ते 35 फूट धरून चला. एकदा खोली ठरली की आमिष अर्धंअधिक ठरलं, कारण त्या खोलीवर जे टिकून राहू शकतं तेच लावायचं. यासाठी ड्रॉप शॉटसारखं दुसरं काही नाही. वजन लाइनच्या टोकाला, गळ त्याच्या फूट-दीड फूट वर, किडा अधांतरी. चाल म्हणजे एवढीच: रॉडचं टोक किंचित हलवायचं, वजन जागचं हलवायचं नाही. पाटावरचा किडा आठवा, तेच करायचंय. ही पद्धत गळाने मासे धरणाऱ्या जपान्यांकडून इथे आली. तिथल्या तळ्यांवर गर्दी इतकी की मासे शहाणे झालेले, त्यांच्यासाठी हा नाजूक प्रकार निघाला.

थंडीत हिशेब बदलतो. शॅड मासळीचे थवे 40-50 फूट आणि त्याहून खाली जातात, बास त्यांच्यामागे. तिथे तोच चंदेरी स्पून, जूनमध्ये ज्याला कुणी विचारलं नाही, तो सरळ खाली सोडायचा, उचलायचा, पडू द्यायचा. पडताना मासा लागतो, तेव्हा लाइनवर लक्ष ठेवा. आणि खडीच्या उतारावर तळाशी फुटबॉलसारख्या डोक्याचा जिग, तोच मळकट हिरवा, सावकाश ओढत.

आकार: शंका आली की लहान घ्या. 3-4 इंचांचा किडा पुष्कळ झाला. लाइन बारीक, 6 किंवा 8 पौंडांचा ताण पेलणारी फ्लुरोकार्बन. तिचा प्रकाश वळवण्याचा अंक 1.42, पाण्याचा 1.33, नायलॉनपेक्षा ती पाण्याच्या जवळ जाते, म्हणून कमी दिसते. शिवाय ती नायलॉनपेक्षा जड आणि संवेदनशील, आणि घेतला-थुंकला एवढ्याशा क्षणाची चाहूल हाताला लागायला हवी. वजन परवडत असेल तर टंगस्टनचं घ्या. शिशापेक्षा जड धातू, म्हणून गोळी लहान, आणि शिसं पाण्यात पडून पाणपक्ष्यांच्या पोटात जातं, ते मला अजिबात पटत नाही.

आता राहिला रंग. खोलात धुरकट, मळकट हिरवा, शॅडसारखा पांढुरका. एवढे तीन डब्यात असले की बास. ढगाळ दिवशी शेपटीला शार्ट्रूजचा ठिपका लावा हवं तर. दुकानाच्या भिंतीवरचे बाकीचे रंग उथळ पाण्यासाठी ठेवा.

अलीकडे बोटीपुढच्या पाण्यातलं चित्र थेट दाखवणारे सोनार निघाले आहेत. मासा आमिषाकडे येताना स्क्रीनवर दिसतो. मला ते आवडत नाहीत. माणसं दिवसभर स्क्रीनमध्ये डोकं घालून बसतात आणि शेजारी बसलेल्या मुलाशी एक शब्द बोलत नाहीत. ज्यांना आवडतात त्यांनी वापरावेत. पण मुलाला नेलं असेल तर त्या दिवशी तरी बंद ठेवा.

शेवटचं आणि महत्त्वाचं. 30 फुटांच्या खालून मासा वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. असा मासा सोडला तरी खाली जाऊ शकत नाही, पृष्ठभागावर कलंडून राहतो. टेबल रॉकवर 15 इंचांपेक्षा लहान बास ठेवता येत नाही, म्हणजे बरेचसे सोडावेच लागतात. तेव्हा खोलातला लहान मासा लागला तर फोटोसाठी रेंगाळू नका, लगेच पाण्यात सोडा. तरंगायला लागला तर त्याला वजनाने खाली नेऊन सोडणारी क्लिप मिळते, ती बोटीत असू द्या. आणि लागोपाठ लहानच लागत असतील तर ती जागा सोडा, उथळ पाण्याकडे वळा. पुन्हा सांगते: खोलातले लहान मासे लागत असतील तर जागा बदला.

पुढच्या वेळी उथळ पाण्यातल्या पृष्ठभागावरच्या आमिषांबद्दल बोलू. नमस्कार.