फाळा कमी हवा, तर मुरलेला माणूस हवा

(ब्रिटनमधल्या कोल्हापूरकरांच्या मंडळाच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

आज बोलायचं आहे ते आपल्या कोल्हापुरातल्या फाळ्याबद्दल, म्हणजे कराबद्दल, आणि तो कमी ठेवू शकणाऱ्या अनुभवी नेतृत्वाबद्दल. समोर बऱ्याच जणांच्या पायात कोल्हापुरी दिसतेय, म्हणून सुरुवात चपलेपासूनच करतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वरच्या जोडाला १८ टक्के. २५०० च्या जोडावर कर १२५ रुपये, म्हणजे गिऱ्हाईक देणार २६२५. आता कारागिरानं वेणी जरा बारीक विणली, कानवलीची शिवण नीट घातली आणि जोड २६०० ला लावला, की कर होतो ४६८ आणि गिऱ्हाइकाला पडतात ३०६८. कारागिराला मिळाले शंभर रुपये जास्त, गिऱ्हाइकाचे गेले ४४३ जास्त. मग कारागीर शहाणा असतो, तो जोड २५०० च्या आतच बसवतो. आणि बसवायचा तर कुठंतरी कापावं लागतं. तळाच्या कातड्याचा एक पदर कमी होतो, नाहीतर चामड्याच्या वादीनं शिवायच्या जागी सोल्यूशन लावून काम भागवलं जातं. दोन पावसाळ्यांत तळ सुटला की आपण म्हणतो, आता पूर्वीसारखी कोल्हापुरी राहिली नाही.

दर खाली आला याचं स्वागतच आहे. कमी कराची बाजू घेणाऱ्या आमच्यासारख्यांची तक्रार पायरीबद्दल आहे आणि धरसोडीबद्दल आहे. याच चपलेला जुलै २०१८ पासून हजार रुपयांपर्यंत ५ टक्के होते, १ जानेवारी २०२२ ला १२ झाले, आणि २०२५ ला पुन्हा ५, तेही मर्यादा बदलून. २०२२ च्या वाढीचं कारण असं दिलं गेलं की कच्च्या मालावरचा कर तयार मालाच्या करापेक्षा जास्त होता, त्यामुळे कच्च्या मालावर आधीच भरलेल्या जादा कराचा परतावा अडकून राहायचा. दुखणं खरं होतं. पण औषध दिलं ते तयार मालाचा कर वाढवून, कच्च्याचा उतरवून नव्हे. ज्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत आहे आणि ज्यानं जीएसटीची नोंदणीच केलेली नाही, अशा घरी बसून चप्पल शिवणाऱ्याला परतावा मिळतच नाही. त्याच्या कातड्यावरचा, सोलवरचा कर त्याच्या किमतीत मुरून जातो. कोल्हापूरच्या बाजारातल्या, चप्पल लाईनमधल्या दुकानदाराला मात्र प्रत्येक बदलाला जुना साठा, नवं लेबल आणि सॉफ्टवेअरमधला बदल निस्तरावा लागतो.

गुळाचं तर आणखी मजेशीर आहे. १८ जुलै २०२२ पासून नियम असा, की आधीच बांधलेला आणि लेबल लावलेला २५ किलोपर्यंतचा गूळ ५ टक्क्यांत येतो. आपला पारंपरिक रवा, म्हणजे गुळाची ढेप, ३० किलोचा, म्हणून त्याला कर नाही. त्याच काहिलीतला, त्याच आदणाचा गूळ एक किलोच्या खोक्यात भरून वर नाव छापलं की कर लागला. एवढंच असतं तरी चाललं असतं. खरा खड्डा पुढं आहे. फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, उलाढाल कितीही असो. पण एक जरी करपात्र खोकं विकलं, की ४० लाखांची मर्यादा मोजताना ३० किलोच्या रव्यांची करमुक्त विक्रीसुद्धा त्यात धरली जाते. म्हणजे ४५ लाखांचे रवे विकणाऱ्या गुऱ्हाळवाल्यानं हौसेनं ५० हजारांची खोकी भरली, तर तो नोंदणीत अडकला. मग कराची पत्रकं, आणि चुलवाणाच्या दुरुस्तीपासून छपाईपर्यंतच्या सामाईक खर्चावरचा परतावा करपात्र-करमुक्त अशा प्रमाणात वाटून उलटवण्याचा, म्हणजे करमुक्त मालाच्या वाट्याचा परतावा सोडून देण्याचा हिशोब. गुळव्याला भट्टीचा जाळ कळतो, हा हिशोब कळत नाही. आणि आपण त्याला सांगतो, ब्रँड कर, किंमत वाढव.

अशा माणसाला आमचा सल्ला एवढाच, की पहिलं खोकं छापायला देण्याआधी वर्षाची सगळी विक्री एका कागदावर मांडावी. उलाढाल दीड कोटीच्या आत असेल तर कंपोझिशन योजना, म्हणजे उलाढालीवर ठोक दरानं कर भरायची सोय बघावी. उत्पादकाला १ टक्का, भरणा तिमाही, पत्रक वर्षाला एक. पण त्यात गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, परतावा मिळत नाही, आणि राज्याबाहेर माल पाठवता येत नाही. बेळगाव आपल्याला कितीही जवळचं वाटलं तरी ते परराज्य आहे. निपाणीचा व्यापारी गिऱ्हाईक असेल तर हा रस्ता बंद.

आता कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वसाहतीकडे, उद्यमनगरकडे वळू. सप्टेंबर २०१९ ला कंपन्यांचा आयकर २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा टाळ्या वाजल्या, आम्हीही वाजवल्या. पण शिवाजी उद्यमनगरातली, शिरोलीतली कितीतरी छोटी वर्कशॉप आणि फाउंड्री भागीदारीत चालतात. भागीदारी संस्थेला दर तोच राहिला, सपाट ३० टक्के, वर उपकर. बाप-लेकांनी, भावाभावांनी मिळून चालवलेल्या भट्टीला मोठ्या कंपनीपेक्षा जास्त दर. कमी कराची बाजू घेणाऱ्यानं इथं गप्प बसू नये.

आमच्यासारख्यांना लोक पुराणमतवादी म्हणतात. शब्द जड आहे, हिशोबी म्हटलं तर जास्त जुळेल. आमचं मागणं तीन गोष्टींचं आहे: दर कमी, पायऱ्या कमी, आणि एकदा ठरवलं की पाच वर्षं त्याला हात लावायचा नाही. सत्तरच्या दशकात भारतात आयकराचा वरचा दर अधिभारासकट ९७.७५ टक्क्यांपर्यंत गेला होता. त्या वरच्या टप्प्यात आणखी शंभर कमावले तर सव्वादोन रुपये हातात. ज्या देशात असा दर असतो तिथं माणसं कर भरत नाहीत, दोन वह्या ठेवतात.

आता शहरात येऊ. इतर ठिकाणी मालमत्ता कर म्हणतात, आपण घरफाळा म्हणतो. फाळ्याचं गणित साधं आहे. समजा शंभर मिळकतींकडून शंभर रुपये यायला हवेत आणि सत्तरच भरतात. खर्च तेवढाच राहिला तर त्या सत्तरांवर दर जवळजवळ ४३ टक्के वाढवावा लागतो. म्हणजे दर वाढतो तो बऱ्याचदा खर्चामुळे नव्हे, वसुलीच्या गळतीमुळे. गळती कुठं असते? वरचा मजला चढला पण नोंदलाच नाही. तळमजल्यावर दुकान निघालं पण कागदावर अजून निवासी आहे. मालक वारले, नाव तेच, नोटीस कुणाच्याच हातात पडत नाही. हे शोधायला नवा कर लागत नाही. पेठेतली गल्ली न् गल्ली ठाऊक असलेला माणूस लागतो, आणि स्वतःच्या कार्यकर्त्याच्या दुकानाची नोंद दुरुस्त करायची धमक लागते.

इथंच आमच्या दोन मागण्या एक होतात. कमी कर आणि अनुभवी नेतृत्व अशा दोन वेगळ्या पाट्या नाहीत. काम न येणाऱ्याच्या हाती कमी कर दिला तर तो फार दिवस कमी राहत नाही.

याचा दाखला तुमच्या दारातच आहे, आणि तो आमच्याच विचाराच्या पक्षाचा आहे, म्हणून सांगायलाच हवा. नॉर्थहॅम्प्टनशायर काउंटी कौन्सिल. तिथं बरीच वर्षं कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथला घरफाळा, वाढवला नाही, छान. पण खर्चाची घडी बसवली नाही. २०१७ मध्ये ५ कोटी ३० लाख पौंडांचं नवं मुख्यालय उघडलं, फेब्रुवारी २०१८ मध्ये कलम ११४ ची नोटीस, म्हणजे तिजोरीत खड्डा पडला म्हणून नवा खर्च थांबवायची नोटीस काढावी लागली, आणि तेच मुख्यालय विकून परत भाड्यानं घेतलं. २०२१ ला कौन्सिलच मोडून दोन नव्या उभ्या केल्या. बर्मिंगहॅम दुसऱ्या बाजूचं. समान वेतनाची थकलेली देणी आणि फसलेली संगणक प्रणाली, सप्टेंबर २०२३ ला तीच नोटीस, आणि पुढच्या वर्षी कौन्सिल टॅक्स ९.९९ टक्क्यांनी वर. पक्ष वेगळे, चूक एकच. आकडे वाचता येणारं माणूस खुर्चीवर नव्हतं, किंवा होतं पण त्याचं कुणी ऐकलं नाही.

आपल्याकडं काय झालं? कायद्यानं महापौराची मुदत अडीच वर्षांची. पाच वर्षांच्या सभागृहाला दोन महापौर पुरतात. कोल्हापुरात २०१५ ते २०२० या एका सभागृहात अर्ध्या डझनाहून जास्त झाले. आघाडीतल्या गटांना वाटून द्यायला पदांची खांडोळी. यात कुणा एका महापौरांचा दोष नाही. चार-सहा महिन्यांत कुणालाही अर्थसंकल्पाचं एक चक्रसुद्धा पुरं बघायला मिळत नाही. महापालिका अधिनियमाप्रमाणे पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीच्या आत सभागृहानं ठरवायचे असतात. आयुक्तांचा प्रस्ताव आधी स्थायी समितीत येतो. जानेवारीत खुर्चीवर आलेल्या माणसाला फेब्रुवारीत तो प्रस्ताव वाचून त्यातली एक ओळ खोडायला सांगा. तो सही करणार, दुसरं काय करणार? नोव्हेंबर २०२० ला मुदत संपली आणि पुढं पाच वर्षं प्रशासक. अधिकारी कितीही हुशार असला तरी शहर समजेपर्यंत त्याची बदली होते.

टोलची आठवण काढली की अजूनही कोल्हापूरकराचा आवाज चढतो. सुमारे ५० किलोमीटरचे शहरांतर्गत रस्ते, प्रकल्प २२० कोटींचा, बदल्यात ३० वर्षं टोल आणि शहराच्या वेशीवर ९ नाके. टोल हा करच, फक्त तो अर्थसंकल्पात दिसत नाही. करारावर सह्या होताना पाच प्रश्न विचारले असते तरी भागलं असतं. रोज किती गाड्या धरल्यात? वाढ कोण मोजणार? गटार, फूटपाथ अर्धवट राहिले तर टोल सुरू होणार का? शहरातल्या गाडीला सूट आहे का? करार मोडला तर पैसे कुणी द्यायचे? ते तेव्हा विचारले गेले नाहीत, म्हणून नंतर रस्त्यावर विचारावे लागले. आंदोलनाच्या पुढे एन. डी. पाटील होते, गोविंद पानसरे होते. दोघेही डावे. कराच्या विरोधातली शहरातली सगळ्यात मोठी लढाई डाव्यांनी लढली, हे आम्हा उजव्यांना कबूल करायला जड जातं, पण आहे ते आहे. शेवटी टोल गेला आणि भरपाई सरकारी तिजोरीतून झाली. म्हणजे पैसे आपणच भरले, फक्त नाक्यावर नाही.

थेट पाईपलाईनचं उदाहरण कामातल्या अनुभवासाठी घ्या. महापुरात बालिंगा आणि शिंगणापूरचे उपसा पंप पाण्याखाली जातात, आणि शहराभोवती समुद्र असताना नळ कोरडे. म्हणून काळम्मावाडी धरणातून सुमारे ५३ किलोमीटरवरून थेट पाणी आणायचं ठरलं. काम २०१४ ला सुरू झालं, पाणी आलं २०२३ च्या दिवाळीत. अशा कामात वेळ कुठं जातो ते बघा. जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, धरणाच्या पोटात बांधायची. तिथं काम करता येतं ते पाणी उतरल्यावर, उन्हाळ्याच्या शेवटच्या टप्प्यात, पावसाच्या आत. तो मोसम हुकला की महिना नाही, वर्ष जातं. आणि मोसम हुकतो तो बहुतेक कागदामुळे: वनखात्याची परवानगी, रस्त्याच्या कडेनं खुदाईची परवानगी, वाटेतल्या गावांचा विरोध. जाणता माणूस हे कागद कार्यादेशाच्या आधी हातात घेतो. नवखा आधी नारळ फोडतो.

रस्त्याचंही तसंच. डांबराच्या आधी ड्रेनेज, मग पाण्याची वाहिनी, मग केबल, हा क्रम चुकला की नवा रस्ता दोन महिन्यांत उकरला जातो. आपल्याकडच्या पावसाला रस्त्याचा उतार अडीच टक्के तरी हवा. सात मीटर रुंद रस्त्याचा मध्य कडेपेक्षा जवळजवळ नऊ सेंटीमीटर उंच. डोळ्यांनी सहज दिसतं, दोरी आणि पट्टीनं मोजताही येतं. उतार नसला की पाणी साचतं, डांबर खडी सोडतं, आणि मग भर पावसात पॅचवर्क, जे आठ दिवस टिकत नाही. ठेकेदाराच्या करारात दोषदायित्व कालावधी असतो, त्या मुदतीत खड्डा पडला तर त्यानं स्वखर्चानं भरायचा. ती तारीख किती नगरसेवकांना पाठ असते? तारीख उलटली की अनामत परत जाते आणि खड्डा फाळ्यातून भरला जातो.

अनुभवी म्हणजे मुरलेला, आणि मुरलेला म्हणजे काय ते आम्हाला माहीत आहे, असं कुणीतरी म्हणणारच. हसा, बरोबर आहे. म्हणून वर्षं मोजू नका, इतिवृत्त मागवा. माहितीच्या अधिकारात स्थायी समितीच्या सभांची हजेरी आणि इतिवृत्त मिळतं. उमेदवार पाच वर्षांत किती सभांना होता, कुठल्या निविदेवर काय बोलला, एखाद्या खर्चाला लेखी विरोध केला का, हे तिथं असतं. एकदाही तोंड उघडलं नसेल तर वीस वर्षांची कारकीर्द आमच्या लेखी शून्य.

आता तुमच्या हातातलं. भारतीय पासपोर्ट असेल तर नमुना ६-अ, म्हणजे परदेशातल्या भारतीयांचा मतदार अर्ज भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लावता येतं. मत मात्र तिथं जाऊन, मूळ पासपोर्ट दाखवूनच द्यावं लागतं. इथलं नागरिकत्व घेतलं असेल तर मत नाही, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी नाही. पण घर असेल तर फाळा आहेच. बंद वाड्याची थकबाकी ही या मेळाव्यातल्या बऱ्याच घरांची गोष्ट असावी. थकलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते, वर्षाला २४. बँकेत ठेवलेल्या पैशावर एवढं व्याज कुणी देत नाही. आई-वडिलांच्या नावावरची मिळकत असेल तर आधी वारसनोंद करून घ्या, आणि ती सिटी सर्व्हेच्या पत्रकावर झाली म्हणून घरफाळ्याच्या नोंदीत आपोआप होते असं धरू नका. दोन कार्यालयं, दोन अर्ज. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि शेवटची पावती सोबत लागते. बिल एप्रिलमध्ये निघतं.