राजाचा उजवा हात

श्रोतेहो, नमस्कार.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मूळ कादंबऱ्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या, पहिली आली १९९६ मध्ये. त्यातल्या ड्रॅगनांवर आणि लढायांवर पुष्कळ बोलून झालंय. मला बोलायचंय ते वेस्टेरॉस या काल्पनिक राज्यातल्या एका पदाबद्दल. ‘हँड ऑफ द किंग’, म्हणजे तिथला मुख्य प्रधान.

राजा शिकारीला गेला किंवा अंथरुणाला खिळला, की लोखंडी सिंहासनावर बसून न्यायनिवाडा करणार तो हाच. हुकूम याचे, सल्लागार मंडळावर पकड याची. राहायला राजवाड्यात स्वतंत्र मनोरा, छातीवर पंजाचं पदक. थाट थेट पेशव्यांचा!

मग मराठी माणसाला प्रश्न पडतो, की यांच्यातून एखादी पेशवाई का उभी राहिली नाही? १७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं. १७२० मध्ये ते बाजीरावांकडे गेलं. १७४९ मध्ये शाहू महाराज वारले आणि पुढे गादी साताऱ्यात राहिली, कारभार पुण्यात. वेस्टेरॉसमध्ये मात्र सुमारे तीनशे वर्षांत हे पद एकाही घराण्यात रुजलं नाही.

मला वाटतं, या पदाला स्वतःचं असं काहीच नाही. ना मुलूख, ना फौज. जे बळ असेल ते माणसानं घरून आणायचं. नेड स्टार्क हा अख्ख्या उत्तरेचा धनी, पण उत्तर राहिली शेकडो कोस दूर. राजधानीत त्याच्यापाशी मोजके शिपाई. राजा रॉबर्ट मेला तेव्हा त्याची भिस्त होती शहराच्या पहारेकऱ्यांवर, आणि त्यांना पैसे चारण्याचं काम त्यानं सोपवलं होतं खजिनदार बेलिशवर. त्याच पहारेकऱ्यांनी दरबारात नेडची माणसं कापली. बाजीरावांनी शिंदे, होळकर, पवार हाताशी धरून वर आणले होते. नेडला तेवढी सवडही मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर तो त्या स्वभावाचाही नव्हता.

बरं, घरचं बळ भरपूर असलं तर? टायविन लॅनिस्टरकडे सोन्याच्या खाणी होत्या. वीसेक वर्षं त्यानं राज्य उत्तम चालवलं, आणि नेमकं तेच राजा एरिसला खुपू लागलं. एरिसनं टायविनचा थोरला मुलगा जेमी आपल्या शरीररक्षकांत घेतला. मान मोठा, पण त्यापायी वारसाहक्क गेला. टायविन पद सोडून घरी निघून गेला. त्याच्यानंतरचे दोन प्रधान हद्दपार झाले, तिसऱ्याला राजानं जिवंत जाळलं, चौथा राजधानी पडली त्या दिवशी मारला गेला.

या सगळ्यांत माझा आवडता बार्थ. लोहाराचा मुलगा, धर्मगुरू, राजवाड्याच्या ग्रंथालयात काम करणारा. घराणं नाही, तलवार नाही. तरी राजा जेहेरिसच्या पदरी त्यानं जवळपास चाळीस वर्षं कारभार केला. राज्यभर एकच कायदा लागू झाला तो याच दोघांच्या काळात. राजाला त्याची भीती वाटण्याचं कारणच नव्हतं. बार्थ गेल्यावर ते पदक लावलं रायम रेडवाइनला. आपल्या काळातला सर्वश्रेष्ठ योद्धा म्हणून त्याची ख्याती होती, आणि कारभारात तो साफ आपटला.

नमस्कार.