माका, पिवळा माका आणि वेडेलिया

(दृश्य: पावसाची उघडीप, भातखाचराचा बांध, माक्याचं फूल अगदी जवळून)

हा माका. पितृपक्ष आला की घरोघरी याची शोधाशोध सुरू होते, एरवी बांधावरून जाताना कुणी वळूनही बघत नाही. फूल जेमतेम नखाएवढं, पांढरं. पण नीट पाहा, हे एक फूल नाहीच. मधल्या चकतीत नळीसारखी बारीक फुलं दाटीनं बसली आहेत, आणि ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो, ती कडेची प्रत्येक जीभसुद्धा वेगळं फूल आहे. सूर्यफुलाच्या अख्ख्या कुळात असंच, दिसायला एक फूल, पण आत अनेक बारीक फुलं. म्हणून इथे नुसत्या रंगावर जाऊन भागत नाही. पान, देठ, बी, कडेच्या जिभा, सगळं बघावं लागतं.

(दृश्य: आजींच्या बोटांत चुरडलेलं पान)

माक्याची पानं समोरासमोर, जवळजवळ बिनदेठाची, हाताला खरखरीत. तरी शंका असेल तर आजी करतात तसं करा. पान चुरडा. रस आधी हिरवा दिसतो. जरा थांबा... बोटं काळपट व्हायला लागली. तेलासाठी पाला खुडताना याहून सोपी पारख नाही.

(दृश्य: जांभ्याचा गडगा)

ही एकदांडी, कुणी दगडीपाला म्हणतं. खरचटलं की पानांचा रस लावायचा, हे कोकणातल्या पोरांना शिकवावं लागत नाही. लांब दांडी, तिच्या टोकाला एकच फूल. कडेच्या जिभा चार-पाचच, फिकट, प्रत्येकीच्या टोकाला तीन दात. बीवर पिसांसारखा झुबका असतो, वाऱ्यावर उडतो. माक्याच्या बीला असला झुबका नाही.

(दृश्य: पुळण, वाळूवर पसरलेली वेल)

किनाऱ्यावर ही पाथरीच्या जातीतली वेल. वाळूवरून सरपटते, सांध्यासांध्याला मुळं धरते. पान तोडलं की पांढरा चीक येतो. हिच्या फुलात मधली चकतीच नाही, आतपासून बाहेरपर्यंत नुसत्या पिवळ्या जिभा. एक जीभ ओढून काढू या. टोकाला दात पाच. एकदांडीला तीन होते. भिंग असेल तर शाळेतलं मूलही हा फरक सांगेल, आणि मुलांना तो दाखवायलाच हवा.

(दृश्य: बंगल्याचं कुंपण, हिरवागार गालिचा, पिवळी फुलं)

आता हिच्यापाशी थांबू. नर्सरीत हिला वेडेलिया म्हणतात. पानं चकचकीत, जाडसर, बहुतेकांना दोन्ही बाजूंनी एकेक कान फुटलेला, म्हणजे पान तीन भागांचं. फूल नारिंगीकडे झुकणारं पिवळं. हिचा जवळचा नातलग म्हणजे ओलसर जागी वाढणारा आपला पिवळा माका. फुलं दोघांची इतकी सारखी, की नुसत्या फोटोवरून भलेभले फसतात. अशा वेळी पानाकडे जा. पिवळ्या माक्याचं पान लांबट, निमुळतं, कडेला मोजके दात, कान नाहीत. वैद्यकात पीत भृंगराज म्हणतात तो हा. वेडेलियाला औषध समजून कुणी तोडू नये.

वेडेलिया मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, इथे शोभेसाठी आली. बी फारसं धरत नाही, तिला त्याची गरजही नाही. खोडाचा सांधा असलेला तुकडा ओल्या मातीत पडला की रुजतो. जगातल्या सर्वांत घातक 100 परक्या आक्रमक जातींच्या यादीत तिचं नाव आहे. ती पसरते तिथे खालच्या रोपांना उजेड मिळत नाही, आणि बांधावरचा माका, पाटाकाठचा पिवळा माका मागे हटतो.

(दृश्य: छाटलेल्या वेलींचा ढीग, शेजारून वाहणारा वहाळ)

कुंपण छाटल्यावर हा ढीग वहाळात ढकलू नका. पाण्याबरोबर एकेक तुकडा खालच्या वाडीपर्यंत जातो. कोरड्या कातळावर पसरा, कडक उन्हात पार वाळू द्या. आणि नवं कुंपण करायचं असेल, तर नर्सरीत वेडेलिया मागूच नका.