रूथने वेचलेला सरवा

नमस्कार श्रोतेहो. हिब्रू बायबलमधली रूथची गोष्ट बहुतेकदा सासू-सुनेच्या मायेची म्हणून सांगितली जाते. मवाब या शेजारच्या देशातली ही विधवा सून नामीला, आपल्या सासूला, सोडत नाही. तिच्यासोबत बेथलेहेमला येते. माया खरीच. पण आज मला बोलायचं आहे ते दुसऱ्या अध्यायातल्या कष्टांबद्दल.

सातूची कापणी चालू आहे. कापणाऱ्यांच्या मागून रूथ बवाजच्या, म्हणजे नामीच्या नवऱ्याच्या नात्यातल्या एका श्रीमंत जमीनदाराच्या, शेतात सरवा, म्हणजे कापताना मागे राहिलेली कणसं, वेचते. संध्याकाळी झोडपल्यावर एफाभर, म्हणजे साधारण वीस लिटर, सातू निघतात. ते ओझं ती स्वतःच गावात आणते. दुपारी मिळालेल्या भाजलेल्या धान्यातलं उरलेलंही सासूसाठी राखून ठेवते. सरवा हा गरिबांचा, विधवांचा, उपऱ्यांचा हक्क. बायबलमधल्या ‘लेवीय’ आणि ‘अनुवाद’ या नियमांच्या ग्रंथांत तो लिहून ठेवला आहे. तरी रूथला आधी विचारावं लागतं. हिला हात लावू नका, असं बवाजला गड्यांना बजावावं लागतं. दुसऱ्याच्या शेतात जाऊ नकोस, तिथे तुला त्रास होईल, असं नामीही सांगते.

बायबलचे अभ्यासक नॉर्मन गॉटवाल्ड यांनी १९७९मध्ये प्राचीन इस्राएलचा उगम कनानी नगरराज्यांविरुद्धच्या शेतकऱ्यांच्या उठावात शोधला. शेत कुणाचं, राबतं कोण, हे मार्क्सवादी प्रश्न बायबलला जोरात विचारले जाऊ लागले. त्याच्या आदल्याच वर्षी स्त्रीवादी अभ्यासक फिलिस ट्रिबल यांनी रूथच्या कथेत पुरुषांच्या जगात हिमतीने वाट काढणाऱ्या दोन बायका दाखवल्या होत्या. मला या दोन्ही नजरा एकत्रच हव्यात. नुसता वर्ग पाहिला, तर शेतातली ती भीती निसटते. नुसती हिंमत पाहिली, तर बवाजचं कोठार.

बायकांनी हा ग्रंथ स्वतः वाचावा, ही तळमळ आपल्याकडेही होती. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, बायबल सोप्या मराठीत आणलं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच ते छापलं.

चौथ्या अध्यायात वेशीपाशी दहा वडीलधाऱ्यांसमोर व्यवहार ठरतो: नामीचं शेत घेणाऱ्याने रूथलाही घ्यायचं. जमीन आणि बाई एकाच सौद्यात! या अध्यायात रूथ एक शब्द बोलत नाही. बवाजशी लग्न होऊन तिला मूल होतं, आणि शेजारणी म्हणतात, नामीला मुलगा झाला. हे मूल रूथच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव चालवणार होतं. वंशावळीत मात्र नाव लागतं बवाजचं.

गेल यी या अभ्यासक रूथकडे परदेशात राबणारी मजूर म्हणून पाहतात. तिच्या श्रमांचा फायदा बवाज घेतो आणि नामीही, असं त्यांचं म्हणणं. बवाजबद्दल मला ते पूर्ण पटतं. नामीबद्दल नाही. तिच्या नावावर शेत आहे, पण नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, आणि त्या शेताचा सौदा वेशीपाशी पुरुषच करतात. अशा म्हातारीला मालकांच्या पंगतीत बसवणं मला अन्यायाचं वाटतं.